खिसे तपासून

सकाळी साडेसहाला बॉयलर पेटवते.
बोएदोतली ही गल्ली जागी व्हायच्या आत
दुकानाची काच आतून धूसर होते,
'तामाशिरो ड्रायक्लीनिंग'मधलं
नुसतं 'तामा' वाचता येतं बाहेरून.

वडील ओकिनावाहून ब्वेनोस आइरेसला उतरले तेव्हा
त्यांना स्पॅनिशचे तीन शब्द येत होते:
उद्या, डाग, माफ करा.
तेवढ्यावर त्यांनी चाळीस वर्षं दुकान चालवलं.

आता गोन्सालो येतो, टॅबलेटवर बोट फिरवत.
एकोणीस दुकानं आहेत त्यांची,
हे विसावं.
आमचा हिशेबनीस एझेकिएल
दोन मशीन, एक प्रेस, भाडेकराराची पाच वर्षं
असं सगळं मांडत गेला
आणि 'गुडविल'च्या रकान्यात पेन थांबवून
माझ्याकडे बघत राहिला,
जणू ते मी मागच्या खोलीत कुठं ठेवलंय.

विकण्याची कारणं मला पाठ आहेत.
गुडघे. मनगट. रसायनाचा वास,
जो रविवारीही केसांतून जात नाही.
लोक हल्ली सुटात मरतसुद्धा नाहीत.
रोसारिओहून रोमिना फोन करते,
"आई, विक, आणि त्या पैशांत गुडघे करून घे."
न विकण्याचं कारण विचारलं कुणी
तर मी हँगर सारखे करत बसते.

कराराचं सातवं कलम: जागा रिकामी करून द्यावी.
मागच्या दांडीवर एक्केचाळीस कपडे आहेत, न नेलेले.
नवरीचा एक झगा, टाचेला अजून चिखल.
एका ओव्हरकोटाची पावती सत्त्याण्णव सालची,
बारा पेसो.
आज बारा पेसोत लिमलेटची गोळी येत नाही.

मंगळवारी गोन्सालोनं अंगावर माते सांडला.
कोट इथंच टाकून गेला. म्हणाला,
"शुक्रवारी कोट आणि सही एकदमच नेतो."

वडिलांचा नियम: आधी खिसे.
सापडेल ते पाकिटात, पाकीट हँगरला, वाचायचं नाही.
लॉटरीची तिकिटं निघाली, एकदा एक दात,
एकदा दुसऱ्याच बाईच्या नावाची पत्रं,
ती आम्ही बायकोच्याच हाती दिली,
चिकटवून.

गोन्सालोच्या आतल्या खिशात कागद होता, चौघडी.
पाठीमागून शाई उमटलेली,
आमच्या गल्लीचं नाव, आणि डॉलरची खूण.
आयुष्यभर लोकांच्या घड्या घातल्या,
ही एक मोडायला कितीसा वेळ?

खोटं कशाला सांगू,
दिव्यासमोर धरला.
उलटा एक आकडा दिसला, तीन असेल, आठ असेल.
त्या तीन-आठच्या मधल्या जागेत
दोन्ही गुडघे बसत होते.
बॉयलरचा काटा खाली येईपर्यंत उभी होते तशीच.
मग पाकीट. मग टाचणी.

शुक्रवारी त्यानं कोट घेतला, पाकीट पाहिलं,
आणि कानापर्यंत लाल झाला.
"वाचलंत?"
"आम्ही खिसे तपासतो," मी म्हणाले, "वाचत नाही."
दुकानात मी एकटीच.
वडलांना जाऊन चौदा वर्षं झाली.
हे 'आम्ही' कुठून आलं, कोण जाणे.

पाकीट त्यानं उघडलं नाही.
कोटाचे पैसे दिले, सुटे परत घेतले,
जरा घुटमळला. "आणि करार?"
वडिलांचे तिन्ही शब्द जिभेवर आले.
मी पहिला वापरला.

तो गेल्यावर शटर अर्धं ओढलं,
मागच्या दांडीवरचे कपडे पुन्हा मोजले.
बेचाळीस भरले.
जास्तीचा एक माझाच निघाला,
निळा, पातळ, पावसाळी, कधी टांगला आठवत नाही.
पावती नव्हती.
खिसे मात्र अजून तपासायचेत.